सेव्ह कोण दाबणार?

२९ सप्टेंबर
आजही भांडण! पापनाशमच्या मिलमधला साळ सुकवायचा ड्रायर — उष्णता माझ्याकडे, पंखे रघुरामकडे. वर्षभर मी आकडे बदलते, मग तो बदलतो. सगळी यंत्रं एकाच वायरवर, फील्डबसवर. बदललेला आकडा तात्पुरता. ‘सेव्ह’ दाबलं तरच वीज गेल्यावर टिकतो. पण सेव्ह दाबलं की दोघांचेही आकडे कायम!
“अक्का, आधी उष्णता नीट करा, मग सेव्ह.”
“तुझे पंखे कायम करू? मला अजून वेड लागलेलं नाही.”
वीज गेली तरी बॅटरीवर पॅनेल जागं राहतं, न सेव्ह केलेले आकडेही. म्हणून तर निभावतंय.

३० सप्टेंबर
मुदलाळी, म्हणजे आमचे मालक चिदंबर, म्हणाले — ओरत्तनाडूच्या नव्या मिलला आमच्यातला एक प्रमुख. “ज्याच्या हाताने कणी कमी पडेल, तो.” मला ती जागा हवी. फार हवी.

१ ऑक्टोबर
आयुधपूजा. यंत्रांना चंदन-कुंकू, पॅनेललाही झेंडूची माळ, प्रसादाला सुंडलाचा, हरभऱ्याच्या उसळीचा द्रोण. चिदंबर म्हणाले, “आज यंत्रांनाही झोप. बॅटरीसुद्धा बंद!” माझे हात जोडलेले, तोंड उघडेपर्यंत खटका पडला. मी रघुरामकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. देवीपुढे दोघंही पांढरेफटक!

२ ऑक्टोबर
विजयादशमी. खटका वर. ड्रायरमध्ये कंपनीने भरून दिलेले मूळ आकडे. आमचं वर्ष साफ!
“तुम्ही लिहून ठेवलेत ना, अक्का?”
“तू?”
रोज बदलणारे आकडे कोण लिहितो! बाहेर ओल्या साळीच्या लॉऱ्या हॉर्न देतायत. तसाच चालवला.

३ ऑक्टोबर
कणी निम्म्यावर!! इतका अख्खा तांदूळ या मिलने पाहिलाच नव्हता. म्हणजे वर्षभर आम्ही दोघं मिळून तो फोडत होतो.
रघुरामने चक्क कॉफी पाजली. कुजबुजला, “अक्का, कुणाचं नाव सांगायचं?” ‘माझं’ हा शब्द जिभेवर आला होता. पण चिदंबर समोर उभे राहिले, आणि ही जीभ! बोलून गेले, “मुदलाळी, देवीने आम्हा दोघांचे आकडे पुसून टाकले, म्हणून तांदूळ वाचला.”
रघुरामला ठसका. चिदंबर हसलेही नाहीत. “उद्या सांगतो.”
गेलं ओरत्तनाडू!

४ ऑक्टोबर
ओरत्तनाडू मला! “खरं बोलणारं माणूस हवं,” म्हणाले चिदंबर. अट एकच — तिथल्या ड्रायरला हात लावायचा नाही.