तळपायाच्या कमळाविषयी

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी (विशेषतः डाव्या चरणी, कारण पुढे येईल) धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार.

आपली व वहिनींची प्रकृती उत्तम असेल, असे लिहिण्याची रीत आहे; या खेपेस ते वाक्य लिहिताना माझा हात अडखळला. मी सुखरूप आहे, पण असा हादरलो आहे की कालपासून पोथीचे एकच पान उघडून बसलो आहे.

माझ्या मानेवरची खाज आपणास ठाऊक आहेच. औषधाच्या दुकानातल्या सद्गृहस्थाने दिलेली ट्यूब मी सहा महिने भक्तिभावाने चोळली. खाज आठवडाभर मौन धरी आणि मग दुप्पट विस्ताराने प्रकट होई. (देह नश्वर आहे, हे चाळीस वर्षे प्रवचनांतून सांगितले, तो आरंभ माझ्याच मानेपासून करील, असे वाटले नव्हते.) अखेर सूनबाईने ट्यूब केराच्या डब्यात टाकली आणि मला त्वचारोगतज्ज्ञांसमोर नेऊन बसवले. डॉक्टर म्हणजे आपल्या नातीच्या वयाची मुलगी. हा साधा नायटा आहे, मनाने लावलेल्या मलमाने तुम्ही तो पोसलात, असे तिने ऐकवले. मी विनयाने ऐकून घेतले. मग तिने विचारले, "आजोबा, अंगावर आणखी कुठे डाग, तीळ, न भरणारी जखम?"

दादा, या प्रश्नाची मी वर्षभर वाटच पाहत होतो! आपल्यामागोमाग मलाही लाभलेले ते काळे पद्म दाखवण्यासाठी मी उजवा पाय तत्काळ वर घेतला. सामुद्रिकशास्त्राप्रमाणे असे चिन्ह थोरांच्याच तळव्यावर उमटते, आमच्या घरी ते दोघा भावांना आहे, हेही सविस्तर निवेदन केले. ती हात जोडील, अशी अपेक्षा होती. तिने दिव्याचे भिंग लावले, मग पाते घेतले आणि टाचेची निबर कातडी हलकेच खरवडली. चार फटक्यांत माझे कमळ कापसाच्या बोळ्यावर! "रक्त साकळलं होतं, आजोबा. चप्पल घट्ट होतेय तुम्हाला." जे लक्षण मी प्रवचनाच्या बैठकीत पाय किंचित पुढे करून मिरवले (हे आपल्यातच राहावे), ती चपलेची करणी निघाली. सूनबाई खिडकीबाहेर पाहत होती, पण तिचे खांदे गदगदत होते.

एवढेच घडते तर हे पत्र मी लिहिलेच नसते. पण दुखावलेल्या अभिमानाने मी म्हणालो, "माझं खोटं असेल. दादांचं अस्सल आहे! डाव्या तळव्यावरचं, दहा वर्षांचं. यंदा त्याला नवी पाकळी फुटलीय, कडेला निळसर झाक आलीय, कधीकधी रक्ताचा थेंबही दिसतो." आपल्याच पत्रातला मजकूर, दादा; मी तो अभिमानाने म्हणून दाखवला.

तिच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. "ते कुठे असतात? कुणाला दाखवलंय?" कुणाला म्हणजे, मी म्हणालो, येईल-जाईल त्याला दाखवतात. "डॉक्टरला, आजोबा! वाढणारा, वेड्यावाकड्या कडांचा, रंग बदलणारा, रक्त येणारा तीळ वाट बघत बसायचा नसतो. वाईटच असेल असं नाही, पण तपासल्याशिवाय कळणार नाही. आणि लवकर कळलं, तर बहुतेक वेळा तेवढा तुकडा काढून भागतं."

दादा, नव्या पाकळीबद्दल मी आपले अभिनंदन केले होते. दोन श्लोक रचून पाठवले होते. ते दोन्ही श्लोक मी या पत्राद्वारे मागे घेतो. शास्त्र खोटे नसावे. चुकीचे वाचणारा मी होतो. आपल्यासमोर कधी मान वर केली नाही, आज हट्ट करतो: ते कमळ खुशाल जाऊ द्यावे. मला वाकायला ते पाय हवे आहेत.

आपला आज्ञाधारक (आणि आज प्रथमच आज्ञा करणारा)
धाकटा

ता. क. डॉक्टरीणबाईंनी आपल्या गावातील त्वचारोगतज्ज्ञांचा पत्ता दिला आहे. गुरुवारी सकाळी दहाची वेळ मी घेऊन ठेवली आहे. सैल चपला घालून जावे.

ता. क. दुसरा. हे पत्र आपण शांतपणे घडी करून पोथीत ठेवाल, हे मी जाणतो. म्हणून यातील सारे काही वहिनींना कालच फोनवर सांगून टाकले आहे. कृपया मान वर करून दाराकडे पाहावे. त्या आपल्या चपला घेऊन उभ्या असतील.