तिसरा गिअर पडला तेव्हा

मामा,

हात अजून ठणकतोय. आठवडाभर ट्रक शिकतेय, पण गिअर खाली आणणं काही केल्या जमत नव्हतं. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, जराशी रेस द्यायची, परत क्लच, मग खालचा गिअर. रेस चुकली की गिअरबॉक्स खरखरतो आणि शेजारी बसलेले बाबा म्हणतात, "हळू गं बाई, दात पाडशील त्याचे!"

आज जमलं. मोठ्या उताराच्या तोंडाशीच तिसरा पडला आणि गाडी आपणहून दबकत उतरायला लागली. मला वाटलं, बाबा शाबासकी देतील. ते म्हणाले, "कशाला इंजिनाला ओरडायला लावतेस? न्यूट्रल कर. मी कायम तसाच उतरायचो, डिझेल वाचतं."

एवढं बोलले आणि एकदम खिडकीबाहेर बघायला लागले.

त्यांचा पाय गेला तो याच उतारावर. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि मग लागतच नाहीत, हे आता मलाही कळतं. सहा वर्षं आम्ही म्हणतोय की ब्रेक तू नीट बसवले नव्हतेस. आईने सख्ख्या भावाला दार बंद केलं आणि बाबा नुसते ऐकत राहिले.

आईला मी आत्ता सांगू शकते. पण मग बाबा ते स्वतःहून कधीच सांगणार नाहीत. म्हणून हे पत्र तुला पाठवत नाहीये.

खाली पोचल्यावर ते म्हणाले, "आलं तुला. उद्यापासून एकटी जा."

"नाही आलं," मी म्हटलं. "उद्याही बसा शेजारी. तोच उतार."

ते बोलेपर्यंत रोज उतरणार आहे.

दमलेली,
तुझी भाची