नळीचं बूच

३ नोव्हेंबर १९०३, वालपरायसो

मिळाली एकदाची नोकरी! 'सांता रुफिना' आगबोटीवर कप्तानाच्या खोलीची झाडलोट आणि त्याची कॉफी. मी आईचं आडनाव लावलं. कप्तान बारिएंतोससाहेबाला काय पत्ता, ही डेल्फिना म्हणजे एउसेबियोची बहीण! उन्हं छान पडलीत. वर्षभरात आज पहिल्यांदा हसले.

५ नोव्हेंबर

स्वयंपाकी त्रांसितोने बटाटे सोलता सोलता सगळं ओकून टाकलं. गेल्या वर्षी बोट खडकाला घासली, बॉयलरपाशी पाणी शिरलं. साहेबाने तिथलं लोखंडी दार बंद करवलं. आत सात कोळसेवाले होते, त्यात माझा भाऊ. साहेबाच्या खोलीतून खाली बोलायला पितळी नळी आहे. तिच्यातून तो म्हणाला, "कामावर राहा रे पोरांनो, दार उघडतोच आहे." मग नळीला बूच मारलं. सातही बुडाले. बोट वाचली, साहेबाला पदक मिळालं. ते पदक आता मी पुसते, थुंकी लावून.

७ नोव्हेंबर

खालून फुंकलं की बुचातली शिट्टी वाजते. आज वाजली! साहेबाच्या हातून कप निसटला. पांढराफटक पडून म्हणाला, ही नळी तर खालून कधीच कापून टाकलीय. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

त्रांसितोने दम भरला. "बुचाला हात लावू नकोस हं पोरी. नळीतून सगळ्यांचे आवाज सारखेच घोगरे. वर कोण आहे, मेलेल्यांना काय कळतंय?"

मी म्हटलं, माझा भाऊ मला ओळखेल.

१० नोव्हेंबर

शिट्टी जेवताना, शिट्टी प्रार्थनेत. साहेबाने बुचावर मेण ओतलं. तरी वाजतेच. भोग म्हणावं आता.

११ नोव्हेंबर, दुपार

मेण खरवडलं. साहेब पाया पडत होता. त्याच्या डोळ्यांदेखत बूच उपटलं.

नळीतून पाणी. खारं, कोमट, कोळशाने काळं —

मी निघाले. खोलीचं दार साधं लाकडी, तरी हलत नाही. बाहेर त्रांसितो कुऱ्हाड मारतोय —

पलंगावर उभी राहून लिहितेय. साहेब ओरडायचा थांबला. दिसत नाही —

कमरेपर्यंत. नळीला तोंड लावून ओरडले, एउसेबियो, मी फिना, तुझी फिना रे —

पाणी थांबलं. नळी घोगऱ्या आवाजात म्हणाली, कामावर राहा, दार उघडतोच —

पुन्हा पाणी. तो मला ओळख