लॅपटॉपला शिवलेली झूल

अण्णा, आज तुमची गिरणी आठवली ती तुमच्या नातीच्या लॅपटॉपमुळं. लॅपटॉप म्हणजे पाटीएवढं यंत्र, त्यात मास्तर लांबून शिकवतात. आमचा दिरांनी वापरून दिलेला, जुना, ताकदीनं बेताचाच. पोरीला नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा द्यायची आहे अन् तिचे सगळे धडे त्यातच. चार दिवस झाले, मास्तरांनी तोंड उघडलं की चित्र थांबायचं अन् मधोमध नुसतं चाक फिरत राहायचं. पोरगी रडकुंडीला आली. "आई, नवा घे, न्हायतर मी परीक्षाच देत न्हाय!" मी म्हणाले, "नवा काय झाडाला लागलाय व्हय?" म्हणाले खरी, पण मला तरी काय कळत होतं? देवाचं नाव घेतलं अन् लॅपटॉपच्याच पाया पडायला हात लावला, तर बूड तव्यासारखं तापलेलं.

धूळ बसू नये म्हणून मीच त्याला जुन्या परकराची झूल शिवली होती. वर झूल, खाली गोधडी. अन् एकदम बेंबळी गावातली तुमची पिठाची गिरणी डोळ्यांपुढं आली. मी दहा वर्षांची, पीठ उडतंय म्हणून चालू मोटारीवर पोतं टाकतेय, अन् तुम्ही पांढऱ्या भुवया ताणून ओरडताय, "अगं सटवे, जीव गुदमरंल तिचा! तुला गोधडीत गुंडाळून पळायला लावू का?" व्होल्टेज उतरलं की तुम्ही दाण्याची धार बारीक करायचे. बाया कुरकुरायच्या, तुम्ही म्हणायचे, "सावकाश दळू, पण अडू द्यायचं न्हाय."

झूल काढली, गोधडीच्या जागी पाट ठेवला. पोरीला म्हटलं, "बाकीचं उघडलेलं सगळं बंद कर, अन् चित्राची धार बारीक कर."

"धार न्हाय गं आई, क्वालिटी!" हसत हसत तिनं सातशेवीसवरून तीनशेसाठवर आणली. मास्तर जरा पिठाळ दिसायला लागले, पण धडा जो सुरू झाला तो अडला नाही.

मास्तरांवरची नजर न काढता तिनं विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"आई भवानीनं," मी म्हणाले.

हे पत्र टाकायचं कुठल्या पत्त्यावर? वहीतच राहील, म्हणून कबूल करते. तुमचं नाव ओठांवर आलं होतं, अण्णा. पण घेतलं असतं तर माझ्या डोळ्यांना धार लागली असती, अन् पोरीला धडा थांबवावा लागला असता.