डोंगर आणि सरळ रेघ

प्रिय कापश्या,

"याच्या कानात पाणी जाऊ देऊ नकोस, बाकीचं मी बघते." आईचं हे वाक्य तुला आठवायचं कारण नाही. तू तीन वर्षांचा होतास आणि मी चौदाची. पहाटेच्या पाळीला निघताना, एक पाय चपलेत आणि एक बाहेर अशी दारात उभी राहून ती ते रोज म्हणायची. बाकीचं म्हणजे घरभाडं, शाळा, धान्य, बाबांची आठवण, सगळं तिच्याकडे. माझ्याकडे एवढंच, तुझा सारखा दुखणारा डावा कान. तेलात भिजवलेला कापसाचा बोळा कानात घालायचा, मग डोक्यावरून पाणी. तू गल्लीत तसाच बोळ्यासकट पळायचास म्हणून तुझं नाव कापश्या पडलं. आता वर्दीतल्या माणसाला ताईने असं म्हणू नये, पण पाकीट बंद आहे, कुणी वाचणार नाही.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. एक तर प्रशिक्षण केंद्रात तुम्हाला फोन रविवारीच मिळतो आणि आज सोमवार आहे. दुसरं म्हणजे फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी 'अरे' म्हणायच्या आत तुझं 'हो हो, कळलं' झालेलं असतं. आमच्या दवाखान्याची औषधांची गाडी उद्या तुमच्या केंद्राकडे जाणार आहे, ड्रायव्हरकाकांच्या हातात हे देते. ते म्हणाले, पोराला खाऊबिऊ काही द्यायचा नाही का? मी म्हटलं, कागदच द्या.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिन्यावरून खाली जाणं सोडत नाही. तुझी निवड झाल्याचं तिने भाजीवाल्यापासून दाताच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. दाताच्या डॉक्टरांना तर तोंडात अवजार असताना सांगितलं. ऐकून ऐकून शेजारच्या काकूंना आता नियम पाठ झालेत: तीन वर्षं नोकरी झालेली हवी, सेवापुस्तकात एकही शिक्षा नको, पोलीस ठाण्याच्या साहेबांची शिफारस हवी, वय बत्तिशीच्या आत. मग धावणं, मग चारशे मीटर पोहणं, मग कमरेला वजन बांधून पाण्यात उभं राहणं, आणि शेवटी काळं फासलेला मुखवटा लावून तळाशी चाचपडत चमचा, किल्ली, नाणं शोधणं. काकू म्हणाल्या, एवढं करून चमचाच शोधायचा, तर माझ्या स्वयंपाकघरात ये म्हणावं. आई हसली नाही. पाणबुड्यांच्या पथकाची थट्टा तिला आता चालत नाही.

मला मात्र हे सगळं तुझ्यासोबत जेवणाच्या टेबलावर बसून पाठ झालंय. पहिल्या वेळी तुझी तीन वर्षं भरायला दोन महिने कमी होते. कचेरीतल्या बाबूने अर्ज न वाचताच परत दिला, तरी तू दिवसभर त्याच्या खिडकीपाशी उभा राहिलास. दुसऱ्या वेळी पोहण्यात नऊ सेकंदांनी गेलास. घरी येऊन म्हणालास, "नऊ सेकंदांत माणूस काय करतो गं? शिंकतो फार तर." आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलास. नळाचा आवाज आणि रडण्याचा आवाज वेगळा ओळखू येतो, कापश्या. आवाज ओळखणं हेच माझं काम आहे. तिसरी वेळ ही शेवटची, कारण पुढच्या वर्षी तुला बत्तीस.

तू हे का धरून बसलास तेही मला ठाऊक आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक मुलगी नदीत बुडाली तेव्हा तुला काठावर दोरी धरून गर्दी मागे सारायला उभं केलं होतं. पाणबुडे दुसऱ्या जिल्ह्यातून यायचे होते, दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत त्या मुलीची आई तुझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाली, "तू पोलीस आहेस ना? मग उतर की." ती रागावली नव्हती, असं तू मला सांगितलंस. रागावली असती तर सोपं गेलं असतं, असंही म्हणालास. या वेळी मुलाखतीत मानसोपचारतज्ज्ञांनी विचारलं की पाण्याखाली सापडलेलं मूल पाहिल्यावर तुम्ही काय कराल, तर तू म्हणालास, त्याच्या आईला थांबावं लागणार नाही, तेवढं करेन. त्यांनी ते लिहून घेतलं. हे तू मला सांगितलंस तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि एक तव्यावर काळी झाली.

रागावली असती तर सोपं गेलं असतं, हे मलाही माहीत आहे. तू तीन वर्षांचा असताना एका दुपारी माझी मैत्रीण आली होती. तुला टबात बसवून, हातात मग देऊन, मी दारात तिच्याशी बोलत राहिले. काय बोलत होतो, आज एक शब्द आठवत नाही. परत आले तर तू मगाने डोक्यावर पाणी ओतत होतास आणि बोळा टबात तरंगत होता. तिसऱ्या दिवशी तुझी उशी पिवळी झाली. डॉक्टर म्हणाले, पडद्याला भोक पडलंय, मोठेपणी भरेल किंवा नाही भरणार. आई मला एका शब्दाने बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून पाळीला जायच्या आधी तीच तुझी आंघोळ उरकू लागली. माझ्याकडचं ते एकच काम तिने काढून घेतलं, इतकंच.

पुढे मी कान तपासायच्या कामाला लागले, त्याला नशीब म्हण. माझी खोली तू पाहिली आहेस. आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना लावलेला तो करडा फोम, कानाच्या आतल्या भागाचा तक्ता, आणि माझं जुनं मशीन. कानात रबरी बूच बसवायचं, आत हवा भरायची आणि काढायची. पडदा धड असेल तर कागदाच्या पट्टीवर डोंगर उमटतो. भोक असेल तर सरळ रेघ. तुला लहानपणापासून हे माहीत आहे. रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी मशीन नीट चालतंय ना हे बघायला मी ते स्वतःच्या कानाला लावते, आणि ती पट्टी वहीत चिकटवते. एकोणीस वर्षांच्या वह्या आहेत, सगळ्या माझ्या कानाच्या डोंगरांनी भरलेल्या. आमचे डॉक्टर म्हणतात, बाई, तुमच्या कानाचा इतिहास कुणी लिहिला तर खंड निघतील.

नात्यातला माणूस आला तर त्याला शेजारच्या खोलीतल्या बाईंकडे पाठवायचं, असा आमचा नियम आहे. उमेदवारांची कानाची तपासणी आमच्याच दवाखान्यात होती आणि त्या दिवशी त्या रजेवर होत्या. बाहेर बाकावर पाणबुड्यांच्या पथकाचे अकरा उमेदवार बसले होते आणि त्यांत शेवटचा तू. तू खुर्चीत बसलास, पाठ माझ्याकडे, तोंड तक्त्याकडे. दुसरीतल्या मुलासारखा ताठ. मी बूच बसवलं. तू विचारलंस, "ताई, डोंगर आहे ना?"

मी आहे म्हटलं. डॉक्टरांनी पट्टी बघितली, बॅटरीने कानात क्षणभर डोकावल्यासारखं केलं आणि सही केली. तुमच्या हातची पट्टी असली की मी काय वेगळं बघणार, म्हणाले. बाहेर आल्यावर तू मला पोर्चमध्येच उचललंस, सगळ्यांदेखत. चार जण निवडले गेले आणि त्यांत तू. घरी आल्यावर आईने मला विचारलं, कानाचं काय? मी म्हटलं, भरून आला.

काल रविवारी तुझा फोन आला. केंद्राचं कौतुक सांगता सांगता तू हसत हसत म्हणालास की तरणतलावाच्या खोल टोकाला गेल्यावर जरा गरगरलं, वर कुठे आणि खाली कुठे कळेना, पण पहिल्या आठवड्यात होतं असं सगळ्यांना, म्हणून शिकवणाऱ्या उस्तादांना काही सांगितलं नाही. मी फोन आईच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. कापश्या, तसं सगळ्यांना होत नाही. पडद्याच्या भोकातून गार पाणी आत गेलं की तसं होतं. तरणतलावाला काठ असतो. गुरुवारी तुम्ही ज्या उघड्या तलावात पहिल्यांदा उतरणार आहात, त्याचं पाणी त्याहून गार आहे, आणि तिथे तुमच्या मुखवट्यापुढे हातही दिसत नाही, हे तूच सांगितलंस.

त्या दिवशी मशीनने सरळ रेघ काढली होती. मी बूच बदलून पुन्हा केलं, पुन्हा रेघच. सकाळची माझी पट्टी टेबलावर पडली होती, वहीत चिकटवायची राहिलेली. आमचं मशीन तारीख-वेळ छापत नाही, नाव हातानेच लिहावं लागतं. मी तिच्यावर तुझं नाव लिहिलं. तू पाण्यात उतरला आहेस तो माझ्या कानावर. आज सकाळी मी डॉक्टरांच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि परत आले, कारण खोटा वैद्यकीय कागद दिला तर पथकातून नाही, पोलिसातूनच काढतात, आणि तुला काही माहीत नव्हतं यावर कोण विश्वास ठेवणार, ताई-भाऊ आपण. मी बोलले तर तुझी वर्दी जाते, गप्प बसले तर तू. नियमांच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक गोष्ट होती, आठव. पहिल्यांदा उघड्या पाण्यात उतरण्याआधी उमेदवाराने एक ओळ लिहून दिली तर तो मूळ जागी परत जाऊ शकतो, कारण विचारत नाहीत, सेवापुस्तकात नोंद होत नाही. तू तेव्हा हसला होतास, हे कुणासाठी लिहिलंय, भित्र्यांसाठी? मला माहीत आहे, हे वाचूनही तू म्हणशील की भोक एवढंसं असेल, दोरी धरणारा वर असतो, आणि त्या बुडालेल्या मुलीची आई अजून काठावर उभी आहे. हवं तर माझ्याशी आयुष्यभर बोलू नकोस, डॉक्टरांना हे पत्र दाखवायचं असेल तर दाखव, मी नाकारणार नाही. पण बुधवारी संध्याकाळपर्यंत ती एक ओळ लिहून दे. आईने एवढंच तर सांगितलं होतं मला.

तुझीच,
ताई