ओढ्याच्या खालच्या अंगाचं पाणी

१४ नोव्हेंबर, सकाळ

ती. दादास,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, म्हणजे आहे तसंच. बाबांना गुडघ्याचा पट्टा आणून दिला, तो खुंटीलाच असतो. मागची भिंत ओल धरते. दीड वर्षात तू पत्र लिहिलं नाहीस, मीही नाही.

मी अजून खाणीच्या प्रयोगशाळेतच आहे. खाण बंद पडली तरी पाणी तपासायला माणूस लागतंच. जुन्या बोगद्यांत साचलेलं पाणी दगडातल्या गंधकामुळे आंबट होतं आणि लोखंड, तांबं विरघळवत बाहेर येतं. हौदात चुना घालूनच ते ओढ्यात सोडायचं असतं.

परवा पुलाखाली उतरले होते. दगडांवर नारिंगी, बुळबुळीत गंज बसलाय. वीस दगड उलटून पाहिले. खाली चिकटलेल्या अळ्या तू मला दाखवायचास, मासे त्यांच्यावरच जगतात म्हणून. एकही दिसली नाही. बेडूकही नाहीत. पाणी मात्र नितळ.

इथवर लिहून मी चहा करून आले. आता लिहिते.

तुझ्या तळ्यातले मासे एका सकाळी पोट वर करून तरंगले, तेव्हा मत्स्य अधिकारी म्हणाले, खाद्य जास्त झालं, हयगय झाली. तू ओढ्याकडे बोट दाखवलंस. त्यांनी खाणीचा अहवाल दाखवला : पाणी ठीक. खाली सही माझी. अंगणात तू मला विचारलंस, "तू स्वतः तपासलंस ना?"

मी हो म्हटलं.

"मग माझंच चुकलं," म्हणालास.

तपासलं मीच होतं. पण बाटली भरली होती बोगद्याच्या वरच्या अंगाला, जिथं ते आंबट पाणी मिसळतच नाही. चुन्याचा पंप बंद पडला होता. साहेब म्हणाले, "दुरुस्त होईपर्यंत वरून घ्या." दमदाटी वगैरे काही नाही, सहज सांगितलं. मीही सहज ऐकलं. अकरा दिवस. खालचं पाणी एकदाच घेतलं, माझं मला कळावं म्हणून. सामू साडेतीन आला, इतकं आंबट. त्यात मासा तगत नाही, कल्ल्यांवर गंज चढून गुदमरतो. तो आकडा मी माझ्या वहीत लिहिला आणि वही कपाटात ठेवली.

तू तळं बुजवलंस, गाव सोडलंस. मला रडू आलं नाही. जेवत होते, झोपत होते, रोज कामावर जात होते. त्याला काय म्हणतात मला माहीत नाही.

काल बाबांना सांगितलं. ते वाटाणे सोलत होते. थोरल्याच्या आळसानं मासे गेले, असं ते आल्यागेल्याला सांगत आलेत. हात थांबला नाही त्यांचा.

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतेस?" म्हणाले आणि टोपली घेऊन आत गेले.

हे पत्र पेटीत टाकून तशीच पाणी खात्याच्या निरीक्षकबाईंकडे जाणार आहे. वही पिशवीत आहे. नोकरी राहणार नाही, ते धरूनच चालले आहे. त्या तुझा जबाब मागतील. यायचं की नाही, तू ठरव. त्यांचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. पत्र फाडलंस तर तेवढा तुकडा ठेव.

एक राहिलं. खाद्य जास्त झालं नव्हतं, हयगयही झाली नव्हती. मासे तरंगले त्याच्या आदल्या संध्याकाळी तू फाटकाशी थांबून मला विचारलं होतंस, "तळ्यात ओढ्याचं पाणी घेऊ ना?" आणि मी म्हटलं होतं, "घे की."

साडेतीनचा आकडा त्याच दुपारी वहीत लिहिला होता मी.

तुझी,
धाकटी