संस्कृतचा सहावा विद्यार्थी

२० जून १९६६, सोमवार
आजपासून रोजनिशी. इंग्रजीतच लिहिणार होतो, पण मन मोकळं होतं ते मराठीत. नव्या टर्मचे संकल्प: पहाटे उठणे. व्याकरणाचा ग्रंथ पुरा करणे. स्टाफरूममध्ये कमी बोलणे. अर्थशास्त्राच्या हंबीरराव मान्याशी मुळीच न बोलणे.

पद्माला चौथा महिना. ती म्हणाली, मिरजेत बस्तान बसलं नाही, सांगलीत बाबांच्या घरी राहून झालं, आता पाळणा साताऱ्यातच बांधू. मी म्हटलं, निश्चिंत राहा, मार्चला माझं प्रोबेशन संपलं की कन्फर्म झालोच म्हणून समज. मला इथून हलवणारा अजून जन्माला यायचाय.

२३ जून
उठलो साडेसातला. या ढगाळ हवेत उजाडलेलं कळतच नाही, त्याला मी काय करणार?

पी.डी.च्या, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी संस्कृत किंवा अर्थशास्त्र यातलं एक घ्यायचं असतं. मान्याच्या वर्गात ही गर्दी, पोरं खिडकीतसुद्धा बसलेली. नोट्स डिक्टेट करतो, दुसरं काय! शिवाय यंदा गुणाकाराचं यंत्र आणलंय. हँडल फिरवलं की उत्तर येतं. त्याची खरखर भिंतीतून माझ्या वर्गात ऐकू येते. माने पोरांना सांगतो की परदेशात असली यंत्रं आपली आपण चालतात, त्यांना कॉम्प्यूटर म्हणतात. म्हणजे हँडल फिरवायला मान्याची गरज उरणार नाही. वाईट वाटलं बिचाऱ्याचं.

माझ्याकडे संस्कृतला नऊ मुलं आहेत. निवडक.

४ जुलै
टेस्टचे पेपर दिले. वीसपैकी तीनच्या वर कोणी नाही. मार्क मी खिरापतीसारखे वाटत नाही. तिघांनी लगेच विषय बदलला. बरं झालं, गाळीव वर्ग उरला.

दुपारी प्रिन्सिपॉलनी बोलावलं. किती उरले, विचारलं. सहा म्हटल्यावर म्हणाले, सहाच्या खाली गेले तर वर्ग चालवता येणार नाही, आणि वर्ग नाही तर जागा नाही. हे बोलताना माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होते. पंखा बिघडलाय बहुतेक. चहा विचारला नाही. कामाचा फार ताण आहे त्यांच्यावर.

८ जुलै
शिपाई केरूने माझ्या वर्गातली मागची बाकं उचलून नेली. सायबांनी सांगितलंय, हितं रिकामीच पडत्यात, म्हणाला. वर्ग आता छान घुमतो. श्लोक म्हटला की दोनदा ऐकू येतो.

१३ जुलै
सहाव्या मुलाकडे आज नीट लक्ष गेलं. सिद्धू, रहिमतपूरचा. घरची माणसं छप्पन साली बौद्ध झालेली. पुढच्या बाकावर बसतो, रोज शंका विचारतो. संस्कृत का घेतलंस, असं सहज विचारलं. तर म्हणाला, बा म्हणतो, जे आमास्नी वाचू दिलं न्हाई तेच आदी वाच. मला हसू आलं. काय एकेक कल्पना असतात या लोकांच्या!

१९ जुलै
संध्याकाळी सिद्धू घरी आला. संधीची उदाहरणं अडली होती. मी जुनाट विचारांचा नाही. आत बोलावलं असतं, पण जिन्यात वारा छान येतो म्हणून तिथेच बोललो. त्याचं भलं व्हावं म्हणून कळकळीने सांगितलं की बाबा रे, तुम्हा लोकांच्या जिभेला हे उच्चार जड जातात. पिढ्यान्पिढ्यांचे संस्कार लागतात. त्यापेक्षा अर्थशास्त्र घे, कुठेतरी चिकटशील. तो पायरीकडे बघतच बरं म्हणून गेला.

पद्मा आतून ऐकत होती. जेवताना ताट माझ्यापुढे सरकवून आत निघून गेली. या दिवसांत बायकांना थकवा येतो.

२५ जुलै, सोमवार
सिद्धूची जागा रिकामी. अर्थशास्त्रात गेला म्हणे. आश्चर्य आहे! पाच उरले.

तास संपताना केरू दोरी घेऊन आला आणि माझ्या वर्गाच्या भिंती मोजू लागला. कशाला, विचारलं. यंत्राचं टेबल हितं बसतंय का बगायचंय, म्हणाला. माझ्या नजरेला नजर देईना. गेली दोन वर्षं हा माणूस मला बघून हसायचा.

२६ जुलै
प्रिन्सिपॉलना भेटलो. सोमवारपर्यंत एक मुलगा परत आणा, नाहीतर माझा इलाज नाही, म्हणाले. त्यात काय अवघड! सिद्धूला व्हरांड्यात गाठलं. तो म्हणाला, सर, मला यायचं हाय, पर बा म्हणतो, सरांनीच नगं म्हटलंय तर कशाला जातूस. तुमी सोता सांगितलं तर ऐकंल.

पद्माला सांगितलं. तिने माझा हात धरला. म्हणाली, नीट बोला हो तिथे, एवढं करा. उगाच घाबरते.

३१ जुलै, रविवार
रहिमतपूर मोहीम फत्ते!

घर गावाबाहेर, पण सारवलेलं, स्वच्छ. मी दारातच घोंगडीवर बसलो. वडील जोतीराम हात जोडून उभे. मी दिलखुलास बोललो. संस्कृत सर्वांचं आहे, असंही म्हणालो. मलाच भरून आलं. जोतीराम म्हणाले, आवं, गुरुजी आपल्या दारात आलं, आता आनि काय पायजे? जा रं सिद्धू, उद्याच जा. पोराचा चेहरा असा फुलला!

त्याची आई बनाबाई, तिने चहा आणला. नवीकोरी कपबशी, शेजारून मागून आणलेली असावी. मी म्हटलं, आज एकादशी आहे. ती म्हणाली, उपासाला च्या चालतोय की वो. मी म्हटलं, माझी कडक असते, पाणीसुद्धा नाही. उगाच कोणाचं मन कशाला दुखवा? कपबशी तिच्या हातातच राहिली, पण राग दिसला नाही.

पुढे एसटी स्टँडवर भूक लागली. यश मिळालं की मला भूक लागतेच. कांदाभजी आणि दोन कप चहा घेतला. दुसरा कप तोंडाला लावतोय तोच समोर सिद्धू, धापा टाकत. त्यांच्याकडे विसरलेली माझी छत्री घेऊन पळत आला होता. गुणी मुलगा. बस म्हटलं, भजी घे. त्याने छत्री टेबलाला टेकवून ठेवली. भज्यांकडे बघितलं, कपाकडे बघितलं, आणि मागे फिरला. उद्या पहिल्या तासाला भेटेलच.

१ ऑगस्ट, सोमवार
आला नाही. एसटी चुकली असणार.

दुसऱ्या तासालाही आला नाही. पाच मुलांना तात्पुरतं शब्दरूपं म्हणायला लावलं आणि दारात उभा राहिलो. ती एकमेकांकडे बघत होती.

चार वाजता मान्याच्या वर्गावरून गेलो. सिद्धू आत होता, यंत्राचं हँडल फिरवत. मला पाहिलं त्याने. हात थांबला नाही.

२ ऑगस्ट
वर्ग बंद. विषय बंद. माझी जागा या महिनाअखेरीपर्यंत. प्रिन्सिपॉल म्हणाले, तो मुलगा सकाळीच येऊन सांगून गेला, संस्कृत नको. कारण विचारलं तर म्हणाला, सरांना ठाऊक हाय. मला काहीही ठाऊक नाही. हे सगळं मान्याचं कारस्थान, पोराला नोट्स फुकट देऊन फोडला.

घरी येऊन पद्माला सगळं सविस्तर सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली. मग विचारलं, त्याच्या आईचा चहा नाही घेतलात? मी म्हटलं, एकादशी म्हणून सांगितलं. ती म्हणाली, एकादशी गुरुवारी झाली. मी म्हटलं, अगं, असेल. एका चहानं असं काय होतं? ती अगदी हळू म्हणाली, तेच म्हणतेय मी, काय झालं असतं?

आणि रडायला लागली. मग डोळे पुसून उठली आणि सांगलीला न्यायच्या ट्रंकेत भांडी भरू लागली. मी मदतीला गेलो तर नको म्हणाली. एवढा गंभीर प्रसंग, आणि ही चहाचं काय घेऊन बसलीय, मला कळत नाही.